वावरात, बसमधे, रस्त्यानं गाणे ऐकायला स्वस्तातला हेडफोन कोणता घ्यावा? नेहमी विचारतात ते सगळे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडचा. घरी चार एकर पऱ्हाटी-तूर आहे आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचा टेबल लावतो. टेबलवर जेवढे फोन येतात त्याच्यापेक्षा जास्त इअरफोन येतात, आणि प्रत्येक जण तेच तेच विचारतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवून राहिलो. घरात खोलीत बसून ऐकणाऱ्यांसाठी हे नाही, बाहेर ऐकणाऱ्यांसाठी आहे.

भाऊ, जास्त सांगू नको, एकच सांग, कोणता घेऊ?

आधी तुमी सांगा कुठं ऐकता. वावरात काम करता करता ऐकत असाल तर २००-३०० रुपयांचा वायरवाला, रबराची टोपी नसलेला, नुसता कानाच्या तोंडाशी टेकून राहतो तो जुन्या पद्धतीचा इअरफोन घ्या. एस टी नं रोज कॉलेजला नाही तर ड्युटीला जात असाल तर ४००-७०० मधला रबरी टोपीवाला वायरवाला घ्या, तो बसचा खडखडाट बाहेर ठेवतो. दोन्ही करत असाल तर दोन्ही घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत बसतात आणि १५०० च्या बिनवायरच्या जोडीपेक्षा जास्त सुख देतात. माझं मत इतकंच आहे, बाकी खाली जे लिहिलं ते हे असं का म्हणतो त्याच्यासाठी.

वावरात कानात घालून काम करणं बरं आहे का? घरचे बोंबलतात.

घरचे बरोबर बोंबलतात, पण पूर्ण बंद करायची गरज नाही. वावरात कान हाच पहारेकरी आहे. घोणस पायाखाली यायच्या आधी फुत्कार टाकते, कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आणि लांब आवाज असतो, फुरसं अंगावरचे खवले घासून करवतीसारखा खर्रर्र आवाज करते. हे आवाज ऐकून माणूस एक पाऊल मागं घेतो आणि वाचतो. मण्यार मात्र काहीच आवाज करत नाही, तिच्यासाठी रात्री बॅटरीच पाहिजे. आमच्याच धुऱ्यावर माझ्या काकांनी घोणशीचा आवाज ऐकून विळा हातात तसाच धरून मागं उडी मारली होती, मी बाजूच्या तासात होतो, माझ्या कानात रबरी टोपीवाले दोन्ही कोंबलेले होते आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. काका ओरडले तेही नाही. त्या दिवसापासून मी वावरात रबरी टोपीवाला वापरत नाही आणि कोणाला देतही नाही.

आणि जंगलाच्या कडेला वावर असेल, ढोरं चारायला जात असाल, मोहफुलं वेचायला पहाटे जात असाल, तेंदूपत्त्याला जात असाल, तिथं कानात काहीच नको, एका कानातही नको. माकडाचा खकारा, चितळाचा कुकारा ऐकू येणं हेच तिथं काम आहे. राळेगाव-पांढरकवड्याकडं २०१८ ची माणसं मारणारी वाघीण कोणी विसरलं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांना तर मी काय सांगू.

मग एका कानात घातला तर चालते ना? पण गाणं अर्धंच ऐकू येते.

चालते, आणि अर्धं ऐकू येते त्याचं कारण असं की गाण्यात डाव्या बाजूचा आवाज वेगळा भरलेला असतो, उजव्या बाजूचा वेगळा. जुन्या काही गाण्यात तर एका बाजूला नुसती सतार-बासरी आणि दुसऱ्या बाजूला गाणाऱ्याचा आवाज असा प्रकार आहे. फोनच्या सेटिंगमधे जा, ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्याच्यात ऑडिओच्या भागात मोनो ऑडिओ असं बटन असते, ते चालू करा. दोन्ही बाजूचं मिळून एकाच कानात येते. फुकट आहे, अँड्रॉईडवर आहे आणि आयफोनवरही आहे, आणि दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. एका कानानं ऐकणाऱ्यानं दर तासानं कान बदलावा, नाही तर एकाच कानावर सगळा भार येतो.

वायरवाला की ब्लूटूथ?

लोकांना वाटते वायरवाला म्हणजे गरीबाचा. तसं नाही. त्याच पैशात वायरवाल्याचा आवाज बहुतेक वेळा चांगलाच निघतो, कारण ब्लूटूथवाल्यात त्याच ५०० रुपयात बॅटरी, चिप, माईक, चार्जिंगची डबी सगळं बसवावं लागते, मग आवाजाच्या पडद्यावर खर्च कराले उरते काय. वायरवाल्याला चार्जिंग नाही. सकाळी घेतला, सहा तास वापरला, दुसऱ्या दिवशी परत घेतला. आमच्याकडं रात्री लाईट कधी असते कधी नसते, त्यात फोन चार्ज करावा की डबी?

अजून एक मोठी गोष्ट, रेडिओ. फोनमधला एफएम रेडिओ चालायला वायरवाला इअरफोनच लागतो कारण त्याची वायर हाच अँटेना आहे, इअरफोन खुपसला नाही तर फोन सांगतोच की हेडसेट जोडा. काही साध्या कीपॅड फोनमधे अँटेना आतच दिलेला असतो, पण वावरात तिथंही वायर जोडली की स्टेशन साफ लागते. यवतमाळ, अकोला, चंद्रपूरचं आकाशवाणी ऐकणाऱ्यांनी वायर सोडू नये. वायर लांब मोकळी सोडली की चांगलं पकडते, गुंडाळून खिशात ठेवली की खरखर.

ब्लूटूथचा एक फायदा मात्र मी मान्य करतो. वायर पऱ्हाटीच्या फांदीत अडकते, विळ्यात येते, कापूस वेचताना ओटीत गुंततेच. ज्याला वायर चालतच नाही त्यानं गळ्यात अडकवायचा नेकबँड घ्यावा, सुट्या दोन गोळ्यांवाला, म्हणजे इअरबड, नाही. गोळी कानातून निसटून काळ्या मातीत पडली की गेली, आणि एक गेली की उरलेली एक घेऊन माणूस माझ्या टेबलवर येतो की याची जोडी मिळते का. मिळत नाही भाऊ. कोणी कोणी कंपन्या एक गोळी विकतात पण भाव पाहिला की नवीन जोडीच घ्यावी वाटते.

माह्या फोनले जॅकच नाही, आता?

२०१६ मधे ॲपलनं आयफोन ७ मधून गोल छिद्र काढलं, मग हळूहळू बाकीच्यांनीही काढलं. स्वस्त फोनात अजून ते बऱ्याच ठिकाणी आहे, फोन घेताना पाहून घ्या. नसेल तर दोन रस्ते आहेत, टाईप-सी टोकाचा इअरफोन घ्या नाही तर छोटी जोडणी घ्या जिच्या एका टोकाला टाईप-सी आणि दुसरीकडं ३.५ मिलीमीटरचं छिद्र. इथं फसगत होते ती अशी, जोडणी दोन जातीच्या असतात. एकीत नुसत्या तारा असतात, ती फक्त काही फोनवर चालते. दुसरीत आत छोटी चिप असते जी फोनच्या आकड्यांचा आवाज बनवते, ती जवळपास सगळ्यावर चालते. दुकानदाराला विचारा आत डॅक, म्हणजे ती चिप, आहे का, आणि आपला फोन लावून तिथंच वाजवून पाहा. वाजवून पाहू देत नसेल तर घेऊच नका.

बॉक्सवर १३ एमएम ड्रायव्हर, २० ते २०००० हर्ट्झ, ३२ ओहम असं काय काय लिहिलेलं असते, पाहावं का?

बहुतेक पाहू नका. ड्रायव्हर म्हणजे आतला पडदा, तो मोठा म्हणून आवाज चांगला असं काही नाही, ६ एमएमचा चांगला बसवलेला १४ एमएमच्या भंगारापेक्षा गोड वाजतो. २० ते २०००० हर्ट्झ हे तर माणसाच्या कानाचं माप आहे, ते प्रत्येक बॉक्सवर छापलेलं असते, ५० रुपयाच्यावरही. त्या रेंजमधे कुठं किती वाजते ते कोणी लिहीत नाही.

ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एवढं पाहा की १६ ते ३२ च्या आसपास आहे, फोन तेवढं सहज ओढतो. स्टुडिओवाले २५० ओहमचे डोक्यावरचे जुने कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, फोनवर चिलटासारखा आवाज येते, त्याला वेगळा अँप, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, लागतो.

नवीन घेतला पण बासच नाही. वापस करू का?

थांबा. दहातल्या सहा वेळा इअरफोन चांगला असते, टोपी चुकीची असते. रबरी टोपीवाल्यात कान नीट बंद झाला तरच खालचा आवाज, म्हणजे ढोलकीचा, बासचा आवाज टिकतो. फट राहिली की तो पळून जातो आणि नुसता चिरचिर उरते. बॉक्समधे तीन मापाच्या टोप्या देतात, लोक त्या उघडतही नाहीत, बॉक्ससोबत फेकतात. तिन्ही लावून पाहा. डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली असंही लागते, दोन्ही कान सारखे नसतात. घालताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागं ओढा, मग टोपी आत बसवा, मग कान सोडा. बसला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटते, तेव्हा समजा नीट बसला.

एक मात्र ध्यानात घ्या की उघड्या पद्धतीच्या, टोपी नसलेल्या इअरफोनला बास कमीच राहील, तो त्याचा दोष नाही. वावरात तो कमीपणा मी खुशीनं घेतो. तिथं घोणशीचा आवाज यावा म्हणूनच तो घेतला.

वायर शर्टाला घासली की कानात खसखस येते ही पण तक्रार टोपीवाल्याचीच. वायर कानाच्या मागून वळवून घ्या नाही तर शर्टाच्या गुंडीजवळ चिमट्यानं अडकवा, बंद होते.

४० तास बॅटरी लिहिलं होतं, पाचच तास चालतो.

सुट्या गोळ्यांमधे ४० तास म्हणजे डबीसकट. गोळीचा स्वतःचा जीव पाच ते आठ तासाचा, मग डबीत ठेवून परत भरायची, असं चार-पाच वेळा मिळून ४०. तेही निम्म्या आवाजावर मोजलेलं असते. नेकबँडमधे मात्र लिहिलेले तास एका दमाचे असतात, म्हणूनही तो मला बरा वाटतो. पावर बँकेवर डबी लावली आणि थोड्या वेळात चार्जिंग बंद पडली तर डबी खराब नाही, ती इतका कमी करंट ओढते की पावर बँकेला वाटते काही जोडलेलंच नाही. बऱ्याच पावर बँकांचं बटन दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होते.

ईएनसी आणि एएनसी एकच का?

नाही, आणि याच्यावरच सगळ्यात जास्त लोक फसून राहिले. ईएनसी म्हणजे तुमी फोनवर बोलता तेव्हा समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा याची सोय. तुमच्या कानाला त्याचा शून्य उपयोग. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा बाहेरचा आवाज माईकनं ऐकून त्याचा उलटा आवाज सोडून दाबणं. ते एकसुरी घुर्रर्र आवाजावर चालते, बसचं इंजिन, पंखा, जनरेटर. माणसाचं बोलणं, हॉर्न, भांड्याचा आवाज त्यात थोडाच दबते. १००० च्या खालच्या मालाच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलेलं असते आणि दुकानदार सांगते की बाहेरचं काहीच ऐकू येणार नाही. वाचून घ्या, पहिलं अक्षर पाहा. आणि मोकळ्यात वारा सुटला की एएनसीच्या माईकमधे वाराच फडफडते, वावरात त्याचा काहीच फायदा नाही, चांगली बसलेली रबरी टोपी बसमधे फुकटात बरंच काम करते.

पाऊस, घाम, धूळ?

बॉक्सवर आयपी लिहून दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स ४ असेल तर कोणत्याही बाजूनं शिंतोडे उडाले तरी चालते, ५ असेल तर पाण्याची धार चालते, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण एक्स म्हणजे धुळीचं मोजलंच नाही. आपल्याकडं तर मार्चपासून जूनपर्यंत पाणी कमी आणि फुफाटा जास्त, म्हणून आयपी ५५ सारखं दोन्ही आकडे असलेलं मिळालं तर ते घ्या. चार्जिंगच्या छिद्राला आणि डबीला हे आकडे बहुतेक लागू नसतात, ओल्या गोळ्या डबीत ठेवू नका, आधी दुपट्ट्यानं पुसा.

मी स्वतः एक नेकबँड पहिल्याच मिरगाच्या पावसात घालवला. बॉक्सवर पाण्याचा मार्क होता, सर्विस सेंटरला नेला तर म्हणे आत पाणी गेलं, वॉरंटी नाही. मार्क असला तरी पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असते, ते मी तेव्हा वाचलं नव्हतं. पाऊस आला की इअरफोन आणि फोन दोन्ही मेणकापडाच्या पिशवीत, एवढं साधं आहे. विजा कडकडत असतील तर इअरफोन कानातून काढाच. तो वीज ओढत नाही, पण वीज अंगावरून गेली तर धातूची तार त्वचेला लागून भाजते, कॅनडातल्या डॉक्टरांनी २००७ मधे अशी एक केस छापली होती. आणि झाडाखाली उभं राहू नका, ते इअरफोनपेक्षा हजारपट मोठं कारण आहे.

उन्हाळ्यात खराब होते का?

वायरवाल्याला फारसं काही होत नाही, रबर थोडं चिकट होते. बॅटरीवाल्याला मात्र होते. लिथियम बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडं चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात सावलीतच ४५ असते. गाडीच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या टूल बॉक्समधे तर त्याच्याही वर. तिथं ठेवलेली डबी दोन उन्हाळ्यात फुगते नाही तर अर्ध्यावर येते. सावलीत ठेवा, दुपारी चार्जिंगला लावू नका, रात्री लावा.

दुपट्ट्याचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. उन्हात आपण सगळे डोक्याला-कानाला दुपट्टा बांधतो, बाया तर तोंडासकट बांधतात. सुट्या गोळ्यांना टचचं बटन असते, दुपट्टा घासला की गाणं थांबते, पुढं जाते, मधेच फोन लागते. दुपट्टा बांधणाऱ्यानं दाबायचं खरं बटन असलेलाच घ्यावा, म्हणजे वायरवर किंवा नेकबँडवर.

घरात ब्लूटूथ नीट चालते, वावरात मधेमधे तुटते. उलटं नाही का व्हायला पाहिजे?

मलाही आधी उलटं वाटायचं. ब्लूटूथच्या लहरी माणसाच्या शरीरातून नीट जात नाहीत, शरीरात पाणी आहे ते शोषून घेते. घरात त्या भिंतीवर आपटून फिरून कानापर्यंत येतात. मोकळ्या वावरात आपटायला भिंतच नाही, फोन मागच्या खिशात आणि गोळी दुसऱ्या बाजूच्या कानात असली की मधे सगळं अंग आडवं. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, तुटणं बंद. आवृत्ती ५.० की ५.३ याच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

गाणं वाजते पण गाणाऱ्याचा आवाजच गायब झाला, भुताटकी आहे का?

नाही, जॅक नीट बसला नाही. मधली सामाईक तार सुटली की दोन्ही बाजूला सारखा असलेला आवाज कटते, आणि गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखाच भरलेला असते म्हणून तोच जाते, मागं नुसतं वाजप उरते. आमच्याकडं याचं कारण नव्वद टक्के एकच, कापूस. खिशात कापसाचे धागे असतात, ते फोनच्या छिद्रात जाऊन दबून बसतात आणि जॅक एक मिलीमीटर बाहेर राहते. फोन बंद करा, लाकडी टूथपिकनं हळू काढा, सुई किंवा पिन घालू नका. वेच्याच्या दिवसात माझ्याकडं रोज असे दोन-तीन फोन येतात, त्याचे मी पैसे घेत नाही.

एक बाजू बंद पडली असेल तर जॅकच्या मानेपाशी वायर वाकवून पाहा. मधेमधे आवाज आला तर तार तिथंच तुटली आहे, तेवढा तुकडा कापून नवीन जॅक टाकता येते, ५०-६० रुपयात होते. आतल्या तारेवर रंगाचा पातळ थर असते, तो जाळल्याशिवाय झाळण पकडत नाही, घरी करणाऱ्यांचं तिथंच बिघडते. तुटू नये म्हणून काटकोनात वळलेला जॅक घ्या, खिशात तो वाकत नाही. पेनातली स्प्रिंग जॅकच्या मानेला गुंडाळली तरी वर्षभर जास्त जाते. वायर फोनला घट्ट गुंडाळून ठेवू नका, सैल वळी करा.

आठवडी बाजारात शंभरात कंपनीचा मिळतो, घ्यावा का?

शंभरात कंपनीचा मिळत नाही. शंभराचा म्हणून घ्या, चालला तर चालला, पण कंपनीच्या नावाचे पैसे देऊ नका. बॉक्सवरचं स्पेलिंग पाहा, आयात करणाऱ्याचा पत्ता आणि एमआरपी छापलेली आहे का पाहा, सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून पाहा.

आता वॉरंटीचा हिशोब करा. एका वर्षाची वॉरंटी चांगली वाटते, पण सर्विस सेंटर यवतमाळ नाही तर नागपूरला, जाऊन-येऊन भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी, आणि इअरफोन ४०० चा. म्हणून ५०० च्या आतल्या मालात वॉरंटी पाहू नका, तिथंच दुरुस्त होते का ते पाहा. त्याच्या वरचा घेत असाल तर घरून कुरिअरनं बदलून देणारी कंपनी पाहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई उन्हाळ्यात उडून जाते.

सोनीचा झेडएक्स ११०, जेबीएलचा सी १०० एसआय असे काही वर्षानुवर्षं त्याच नावानं विकले जातात. अशा जुन्या चाललेल्या मॉडेलचा फायदा हा की त्याचे गुण-दोष सगळ्यांना माहीत असतात. दर महिन्याला नवीन नावानं येणाऱ्या मालाचं तसं नसते.

डोक्यावरचा मोठा हेडफोन बाहेर वापरावा का?

हिवाळ्यात वापरा, कान गरम राहतात. उन्हाळ्यात गादीखाली घाम साचते आणि रेक्झिनच्या पापड्या निघतात. १९७९ मधे सोनीचा वॉकमन आला तेव्हा त्याच्यासोबत हलका स्पंजवाला हेडफोन होता, कानावर नुसता टेकणारा, बाहेरचं ऐकू देणारा. तसा स्पंजवाला अजून कुठं साधा मिळाला तर वावरासाठी माझ्या मते तो सगळ्यात चांगला, स्पंज धुता येते, फाटला तर वीस रुपयात बदलते.

किती आवाजात ऐकावं?

याच्यावर मी जरा जोर देतो कारण टेबलवर पंचविशीतले पोरं येतात आणि मला दोनदा बोलावं लागते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालते, लहान पोरांसाठी ७५ वर. आवाज दर ३ डेसिबलनं वाढला की वेळ अर्धी होते. ९० ला आठवड्याला चारच तास, १०० ला आठवड्याला वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे चार-पाच गाणे, आणि फोन फुल केला तर शंभरच्या आसपास सहज जाते.

कानाच्या आतले बारीक केस एकदा मेले की परत येत नाहीत, औषध नाही. मोजायचं कसं, तर हाताच्या अंतरावर उभ्या माणसाचं साधं बोलणं ऐकू आलं पाहिजे. काढल्यावर कानात किर्रर्र वाजत असेल तर त्या दिवशी जास्त झालं, दोन दिवस सुट्टी द्या. लोक बसमधे आवाज वाढवतात कारण बस वाजते, म्हणून तर मी बससाठी टोपीवाला सांगतो, बाहेरचं कमी झालं की आतलं वाढवावं लागत नाही.

ट्रॅक्टर चालवताना, मळणीच्या वेळी, फवारताना?

तिन्ही वेळी नाही. थ्रेशरजवळ वायर लोंबत असली की पट्ट्यात जाते आणि माणसाला ओढते. ट्रॅक्टरच्या आवाजावर गाणं चढवायचं म्हटलं की कान गेलेच समजा, शिवाय मागं कोण उभं आहे ते ऐकू येत नाही. फवारणीत हाताला औषध लागलेलं असते, तोच हात इअरफोनला, तोच कानाला आणि तोंडाला. २०१७ मधे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते पाहिलेला माणूस याच्यावर वाद घालत नाही. मोटरसायकलवर पण नाही, मागून येणारा ट्रक ऐकू आला पाहिजे.

चार्जिंगला लावून इअरफोननं ऐकलं तर?

वायरवाला असेल तर नका ऐकू. स्वस्त चार्जरमधे आतलं इन्सुलेशन कच्चं असते, व्होल्टेज वरखाली झालं की करंट फोनमधून वायरनं सरळ कानापर्यंत येऊ शकते. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, मार्क पाहून घ्या, आणि तरीही चार्जिंगच्या वेळी काढून ठेवा.

रात्री वावर राखायला जागलीला जातो, कोणता नेऊ?

कोणताच नको. जागलीवर रेडिओ नाही तर छोटा स्पीकर मोठ्यानं लावा, माणसाचा आवाज ऐकून डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, धुऱ्यावरूनच वळतात. कानात घालून मचाणावर झोपलेल्याचं वावर सकाळी पाहायलाच नको.

साफ कसा करायचा? कान खाजवते.

टोप्या काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. जाळीवर कोरडा जुना टूथब्रश, जाळी खाली तोंड करून, म्हणजे मळ बाहेर पडते. पावसाळ्यात ओल्या कानात टोपी घालून बसलं की बुरशी होते, कान ओला-ओला आणि खाज, अशा वेळी इअरफोन बंद आणि डॉक्टरला दाखवा, तेल टाकू नका. दुसऱ्याचा घालू नका, आपला देऊ नका.

आईसाठी घ्यायचा आहे, तिले स्मार्टफोन जमत नाही.

कीपॅडचा फोन, त्यात मेमरी कार्ड, कार्डात तिचे भजनं आणि तिच्या आवडीचे गाणे, आणि २०० रुपयाचा टोपी नसलेला वायरवाला. उजवी बाजू कापून टाका आणि टोक टेपनं बंद करा, म्हणजे एकच कान लागते आणि वायरही कमी लोंबते. कीपॅडच्या फोनमधे मोनोचं बटन नसते, म्हणून गाणे कार्डात टाकतानाच मोनो करून टाका, कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडं दहा मिनिटात होते. माझी आई निंदायला जाताना असाच नेते, फोन ओटीत, वायर पदराखालून, डावा कान. बाजूच्या तासातल्या बायांशी बोलणंही चालू असते.